सैतानाला गिऱ्हाईक मिळत नाही

दिवाळीच्या अंकात सैतानाची गोष्ट कशाला, असे एखादी आजी चष्म्यावरून पाहत विचारील. पण हा सण तरी निव्वळ देवांचा कुठे आहे? धनत्रयोदशीला आपण यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवतो, चतुर्दशीला नरकासुराच्या नावाने पायाखाली कारीट फोडतो आणि पाडव्याला चक्क एका दैत्यराजाचे राज्य पुन्हा येवो अशी इच्छा धरतो. मध्येच एका संध्याकाळी व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात. मृत्यू, पाताळ आणि देणेघेणे ही तिन्ही या चार दिवसांत आपल्या उंबरठ्याशी येऊन जातात. तेव्हा दीडशे वर्षे हिंडूनही जो सौदा कोणाच्या गळी उतरवता आला नाही, त्याची हकीकत सांगायला हेच दिवस बरे.

ती लिहिली एका पाद्र्याने. चार्ल्स रॉबर्ट मॅच्युरिन हे त्याचे नाव. आयर्लंडात डब्लिनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये तो दुय्यम पाद्री होता. वर्षाची मिळकत शंभर पौंडांच्या आत आणि घरात बायकामुले. त्यातच वडिलांची पोस्टखात्यातली चांगली नोकरी अफरातफरीच्या आरोपावरून गेली. आरोप पुढे खोटा ठरला. पण विसकटलेली घडी काही पुन्हा नीट बसली नाही. मुलाने शिकवण्या धरल्या, कादंबऱ्या लिहिल्या, नाटके लिहिली. १८१६ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात त्याचे ‘बर्ट्राम’ रंगभूमीवर आले. स्कॉट आणि बायरन यांनी त्यासाठी शब्द टाकला होता, आणि एडमंड कीनसारखा नट त्यात उभा राहिला. पैसा आला, आणि कर्जफेडीत गेलाही. सांगतात की, हा गृहस्थ लिहायला बसला म्हणजे पत्र डकवायची एक टिकली कपाळाला चिकटवून बसे. ती दिसली की घरच्यांनी त्याच्याशी बोलायचे नाही! खरेखोटे देव जाणे. पण लहान घरात, पोरांच्या गलक्यात, पोटासाठी लिहिणाऱ्या माणसाचे याहून बोलके चित्र मला तरी ठाऊक नाही.

या माणसाची १८२० साली चार खंडांत एक कादंबरी निघाली. ‘मेल्मॉथ द वाँडरर’, म्हणजे भटका मेल्मॉथ. पडके वाडे, तळघरे, वादळी रात्री, मठांतले भुयारी रस्ते असा सगळा सरंजाम ज्यांत असतो, त्या गॉथिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांच्या लाटेतली ही अखेरची मोठी कादंबरी मानली जाते. प्रस्तावनेत मॅच्युरिन सांगतो की, कल्पना सुचली ती त्याच्याच एका प्रवचनातून. चर्चमध्ये समोर बसलेल्या मंडळींना त्याने विचारले होते : आपण सगळे देवाला विसरलो असू, त्याच्या आज्ञा मोडल्या असतील, तरीसुद्धा जगातले सगळे ऐश्वर्य देऊ केले तर आपल्या आत्म्याच्या उद्धाराची आशा कायमची सोडून द्यायला आपल्यापैकी एक तरी जण या घडीला तयार होईल काय? उत्तरही त्याने स्वतःच दिले होते. एकही नाही. अगदी मूर्खातला मूर्खही नाही.

आता, प्रवचनातल्या प्रश्नाला श्रोते उठून उत्तर देत नाहीत. ती सोय वक्त्याला असते. कादंबरीत ती सोय नाही. तिथे हाडामांसाची माणसे उभी करावी लागतात, त्यांना उपाशी ठेवावे लागते, अंधारकोठडीत टाकावे लागते, आणि मग त्यांच्या कानाशी लागून तोच प्रश्न विचारावा लागतो. मॅच्युरिनने हे काम प्रामाणिकपणे केले. त्याचा मेल्मॉथ हा सतराव्या शतकातला माणूस. गूढ विद्येच्या नादाने त्याने आत्मा विकला आहे आणि मोबदल्यात दीडशे वर्षांचे जादा आयुष्य घेतले आहे. अंतर त्याला आडवे येत नाही, तुरुंगाच्या भिंती त्याला अडवत नाहीत. सुटकेची वाट एकच : त्याचे नशीब आपल्या अंगावर घ्यायला राजी असलेला दुसरा माणूस त्याने शोधायचा. घेणाऱ्याला मेल्मॉथचे सारे सामर्थ्य मिळेल, आणि मेल्मॉथचा शेवटही.

त्याचे पहिले गिऱ्हाईक स्टँटन नावाचा इंग्रज. इस्टेटीवर डोळा ठेवून एका नातलगाने या शहाण्या माणसाला वेड्यांच्या इस्पितळात कोंडले आहे. एका बाजूच्या खोलीत धर्मवेडा विणकर, दुसऱ्या बाजूला राजनिष्ठेने वेडा झालेला शिंपी. आणि लंडनच्या मोठ्या आगीत नवरा व मुले गमावलेली एक बाई रोज रात्री ती आग पुन्हा पाहून किंचाळते. मेल्मॉथ रात्री कोठडीत येतो. तो धमकी देत नाही. तो स्टँटनला फक्त पुढची वर्षे समजावून सांगतो. आज तुला या किंकाळ्यांचा त्रास होतो. पुढे तू त्यांची वाट पाहू लागशील, कारण तेवढीच सोबत असेल. आणि मग एके रात्री त्यांच्यात तुझाही आवाज मिसळेल. या कादंबरीत रक्तपात पुष्कळ आहे, पण इतके थंडगार दुसरे काही नाही. स्टँटन तरीही नाही म्हणतो. माद्रिदमध्ये मोन्साडा हा तरुण इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोह्यांना सजा देणाऱ्या न्यायासनाच्या, तुरुंगात चितेची वाट पाहत असतो. तिथेही मेल्मॉथ पोचतो, तिथेही नकार. कादंबरीच्या शेवटी १८१६ च्या पानझडीत दमला-भागला मेल्मॉथ आपल्या आयर्लंडमधल्या घरी परत येतो आणि कबूल करतो, की साऱ्या जगात आपल्याला एकही गिऱ्हाईक भेटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राच्या कड्याकडे गेलेल्या खुणा दिसतात आणि एका खडकाला अडकलेला त्याचा गळ्याचा रुमाल.

एवढे वाचून मी बराच वेळ थांबलो. माणूसजात इतकी चांगली आहे? रोजचे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हे पटायचे कसे?

मला वाटते, मॅच्युरिनचे उत्तर खरे आहे, पण त्याचे कारण त्याला वाटले त्याहून वेगळे आहे. मेल्मॉथ जातो तो सर्वस्व गेलेल्या माणसांकडे. मालमत्ता गेली, मोकळीक गेली, माणसे गेली. अशा माणसाजवळ स्वतःचे म्हणून एकच उरलेले असते, ते म्हणजे ‘नाही’ म्हणण्याची शक्ती. आणि हा व्यापारी नेमकी तीच मागतो. स्टँटनने ती दिली तर दाराबाहेर जो पडेल तो स्टँटन उरणारच नाही. मग सुटका कोणाची? दुःखाने पिचलेला माणूस सहज विकला जाईल हा सुखवस्तू लोकांचा समज आहे, आणि मेल्मॉथही तोच समज धरून दीडशे वर्षे हिंडला. तो तुरुंगात गेला, वेड्यांच्या इस्पितळात गेला. बाजारात मात्र गेला नाही.

ही चूक एका फ्रेंच लेखकाने हेरली. बाल्झाकने १८३५ साली या कादंबरीला एक खट्याळ पुस्ती जोडली. त्याचा मेल्मॉथ पॅरिसला येतो आणि सरळ एका पेढीत शिरतो. तिथला खजिनदार कास्तानिए खोट्या सह्या करून पळण्याच्या बेतात असतो. पकडले जाण्याची भीती, एका बाईचा नाद आणि जवळ आलेली म्हातारपणाची चाहूल, एवढे पुरते. तो सौदा करतो, आणि मेल्मॉथ पश्चात्ताप पावून सुखाने मरतो. पुढची गंमत पाहा. सगळे हवे तेव्हा मिळू लागल्याबरोबर कास्तानिएला कशातच चव राहत नाही. तो गिऱ्हाईक शोधायला शेअरबाजारात जातो, आणि दिवाळे निघायला आलेला एक सट्टेबाज तो करार विकत घेतो. मग हा करार हुंडीसारखा या हातातून त्या हातात फिरतो. प्रत्येक विक्रीत भाव उतरत जातो. आणि अखेर प्रेयसीच्या हौसेसाठी पैसे हवे असलेल्या एका फटिंग कारकुनाच्या गळ्यात तो येऊन पडतो. ज्या वस्तूला मॅच्युरिनच्या लेखी जगाची दौलत अपुरी होती, तिचा भाव संध्याकाळपर्यंत एवढा खाली आलेला असतो.

वाचक म्हणेल, बाल्झाकच शहाणा. मीही क्षणभर तसेच म्हटले. पण मॅच्युरिनची पाने पुन्हा उलटताना दिसले की, फ्रेंच माणसाने काढलेला चिमटा आयरिश पाद्र्याच्या पुस्तकात आधीच आहे. फक्त तो प्रस्तावनेत नाही, गोष्टीत आहे. स्टँटनला वेड्यांत कोंडणाऱ्या नातलगाकडे मेल्मॉथ कधी गेला होता? गेलाच नाही. जायची गरजच नव्हती. मठात तरुण संन्याशांचा छळ करणारा मठाधिपती, बापाचा खून करून मठात दडलेला आणि मोन्साडाला पळायला मदत करतो म्हणून त्याचा विश्वासघात करणारा इसम, यांपैकी कोणाशीही सैतानाने करार केलेला नाही. त्यांचे काम बिनकराराचे चालले आहे.

आणि सर्वांत भयंकर म्हणजे मोन्साडाची आई. ती दुष्ट नाही. थोरला मुलगा लग्नाआधी झाला, या पापाचा डाग आत्म्यावरून जावा म्हणून तिने तो मुलगाच मठाला वाहून टाकला आहे. मुलगा रडतो, विनवतो, हे जीवन मला नको म्हणतो. आई त्याच्यापुढे गुडघे टेकते. माझ्या उद्धाराची आशा तुझ्या हातात आहे, अशी तिची गळ असते. मुलगा विरघळतो आणि जिवंतपणी पुरला जातो. प्रवचनातला प्रश्न या बाईला विचारला असता तर तिने कानांवर हात ठेवले असते. आपला आत्मा विकायला ती कधीच तयार झाली नसती. तो वाचवण्यासाठी तिने दुसऱ्याचे आयुष्य मोजून दिले. सैतानाला एवढे चोख गिऱ्हाईक मिळत असताना त्याने दारोदार हिंडावे, यापरता वेडेपणा कोणता?

म्हणजे आत्मा ठोक भावाने, उघड्यावर, अटी वाचून दाखवून कोणी विकत नाही. ‘हा तुझा आत्मा आणि ही त्याची किंमत’ असे कोणी म्हटले की माणूस दचकतो. एरवी तो व्यवहाराला दुसरीच नावे देतो. घराण्याची अब्रू, धर्म, शिस्त, आणि आपल्या मध्यमवर्गीय घरांत फार लाडके असलेले ते नाव, ‘मुलांसाठी’.

या शेवटच्या नावापाशी मात्र हसून पुढे जाता येत नाही, कारण मॅच्युरिनही तिथे अडखळला आहे. वालबर्ग नावाच्या जर्मन माणसाची कथा कादंबरीच्या मध्यावर आहे. बायकोचा भाऊ सेव्हिलमधला मोठा धनिक. त्याने बहिणीच्या कुटुंबाला परदेशातून बोलावून घेतले, सुखात ठेवले, आणि तो मेला तेव्हा मृत्युपत्रातून सगळी दौलत चर्चकडे गेल्याचे निघाले. परका देश, परका धर्मपंथ, म्हातारे आईबाप, चार मुले. हळूहळू भांडीकुंडी जातात, मग एक वेळचे जेवण जाते. थोरला मुलगा एव्हरहार्ड अचानक घरात पैसे आणू लागतो. कुठून, ते कोणाला कळत नाही. एके रात्री त्याच्या हाताची पट्टी सुटते आणि रक्ताने अंथरूण भिजते, तेव्हा उलगडा होतो : पोरगा शस्त्रवैद्याला आपले रक्त विकत होता. दुष्काळाची, दारिद्र्याची वर्णने आपल्या साहित्यात काय थोडी आहेत? पण ही पाने लिहिणारा माणूस वर्षाला शंभर पौंडांच्या आत घर चालवत होता, हे विसरता येत नाही.

वालबर्गला मेल्मॉथ भेटतो तो या दिवसांत. तो नाही म्हणतो. आणि इथे प्रवचनाचा प्रश्न एकदम बदलतो. स्टँटनचा नकार त्याच्या एकट्याचा होता. त्याची किंमत तोच मोजणार होता. वालबर्गच्या नकाराची किंमत मोजायची होती एव्हरहार्डने आणि त्याच्या भावंडांनी. आत्मा माझा, पण भूक कोणाची? उपाशी पोरांच्या देखत बापाने आपला परलोक जपून ठेवावा, याला पुण्य म्हणायचे की चैन? टेबलाखालून पाकीट घेणारा अंमलदार ‘मुलांसाठी’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असतो. त्याची मुले जेवलेली असतात, आणि त्यांनी काही मागितलेलेही नसते. वालबर्गची मुले जेवलेली नव्हती. सैतानाजवळ जो एकच बिनतोड मुद्दा आहे तो हाच, आणि मॅच्युरिनने तो त्याच्या हाती दिला, ही त्याची निर्भयता.

उत्तर देताना मात्र तो कचरला, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. भुकेने भ्रमिष्ट झालेला वालबर्ग आपल्याच मुलांना मारायला धावतो, आणि नेमक्या त्या घटकेला खरे मृत्युपत्र सापडल्याची वार्ता येते. दौलत परत, मुले जिवंत, सगळे जर्मनीला रवाना! दोन दिवस उशीर झाला असता तर? पाद्री पुढे सरसावतो आणि कादंबरीकाराला मागे ढकलतो. स्वतःच्या घरात त्याने काय केले, हे मात्र प्रस्तावनेत तो लपवत नाही : चर्चच्या मिळकतीत भागत नाही म्हणून मला हा कादंबऱ्यांचा धंदा करावा लागतो, नाहीतर केला नसता, अशा अर्थाचे तो तिथे लिहितो. पाद्र्याने भुताखेतांच्या कादंबऱ्या आणि नाटके लिहिणे त्याच्या वरिष्ठांना रुचण्यासारखे नव्हते. बढती त्याला अखेरपर्यंत मिळाली नाही, आणि १८२४ साली तो गेला तेव्हा संसार ओढगस्तीतच होता. मुलांसाठी त्याने आत्मा विकला असे कोण म्हणेल? पण थोडे काहीतरी विकले, असे त्याचे त्यालाच वाटत असावे.

हे वाचताना मराठी माणसाला ययाती आठवल्यावाचून राहणार नाही. खांडेकरांच्या १९५९ सालच्या कादंबरीने तो घरोघर पोचवला, पण मूळ प्रसंग महाभारताच्या आदिपर्वातला. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला राजा आपले वार्धक्य देऊन दुसऱ्याचे तारुण्य मागत फिरतो. तोही अदलाबदलीचाच सौदा. चार मुलगे नकार देतात आणि पाचवा, धाकटा पुरू, हो म्हणतो. मेल्मॉथला सगळे जग पालथे घालून जे मिळाले नाही ते ययातीला स्वतःच्या घरात मिळाले! मेल्मॉथ कुबेराची दौलत द्यायला काढतो; ययाती तर देतो म्हातारपण. पण ययाती मागतो तो बाप म्हणून. दुसऱ्याचे दुर्दैव मोबदला घेऊन कोणी पत्करीत नाही. मायेपोटी पत्करणारा एखादा निघतो. अर्थात असा मुलगा असणे हे भाग्य, आणि त्याच्याकडे असे मागणे हे पाप, ही दोन्ही त्या कथेत शेजारी शेजारी उभी आहेत.

मायेने पाहणारे एकच माणूस मेल्मॉथच्या वाट्याला आले, आणि मौज अशी की ते त्याला आपल्या देशाच्या दारात भेटले. हुगळीच्या मुखापासून काही कोसांवर एक निर्जन बेट मॅच्युरिनने कल्पिले आहे. जहाज फुटून लहानपणी तिथे एकटीच उरलेली स्पॅनिश मुलगी इम्माली फळाफुलांत वाढली आहे. बंगालचे लोक तिला देवता समजून लांबून फुले वाहतात. मॅच्युरिन इकडे कधी आला नव्हता. जगन्नाथाच्या यात्रेची त्याने काढलेली चित्रे त्या काळच्या ऐकीव आणि विलायती पूर्वग्रहांनी काळवंडलेली आहेत. ती वाचताना राग येतो. पण पुढे मेल्मॉथ या निरागस मुलीला युरोपातली शहरे, लढाया, कायदे आणि श्रीमंती यांची ओळख करून देतो, तेव्हा त्याची जीभ याहून तिखट चालते. माणसे एका ठिकाणी दाटीने का राहतात, थोडे जण मजेत आणि बाकीचे उपाशी का असतात, हे ऐकून ती चकित होते. कॅथलिक मठांवर तुटून पडणारा हा प्रॉटेस्टंट पाद्री इथे आपल्या घरच्यांनाही सोडत नाही.

इम्माली मेल्मॉथवर प्रेम करू लागते, आणि दीडशे वर्षांत प्रथमच तो व्यापारी सौदा काढायला कचरतो. तिला तो टाळतो, घाबरवतो, दूर लोटतो. पुढे तिला तिचे आईबाप सापडतात, स्पेनमध्ये तिचे नाव इसिडोरा होते, आणि एका अपरात्री पडक्या देवळात त्यांचे लग्न लागते. लग्न लावणारा हात मेलेल्या माणसाचा असतो. भाऊ मेल्मॉथच्या हातून मारला जातो. ती इन्क्विझिशनच्या कोठडीत पडते. तिथेच तिचे तान्हे मूल मरते. आता मेल्मॉथ येतो आणि अखेर तो प्रश्न विचारतो. माझे नशीब घे, बाहेर पड, आपण एकत्र राहू. पुरूसारखी मायाही इथे आहे आणि मेल्मॉथची दौलतही. ती नाही म्हणते.

नरकाच्या भीतीने म्हणते असे मला वाटत नाही. भीती तिला कधीच फारशी शिकवता आली नव्हती. बेटावरच्या त्या मुलीने त्याला घर दिले, धर्माच्या विरुद्ध जाऊन हात दिला, मूल दिले, बदनामी सोसली. तिच्याजवळचे जे जे देता येण्याजोगे होते ते सगळे आधीच त्याच्याकडे गेले होते, आणि तेही न मागता. मेल्मॉथ मागतो ते तिला देता येत नाही. तरी त्याच्यावरचा जीव कमी होत नाही. मरणाच्या क्षणी शेजारी बसलेला म्हातारा पाद्री तिला स्वर्गाची खात्री देऊ लागतो, तेव्हा ती स्वर्गाबद्दल एकच चौकशी करते : मेल्मॉथ तिथे भेटेल की नाही. म्हाताऱ्याजवळ याचे उत्तर नाही, आणि मॅच्युरिनही तिच्या तोंडचा तो प्रश्न तसाच ठेवून ही कथा तिथे थांबवतो.